शेवटल्या बांधीनंतरची बारी

१

बुलढाणा जिल्ह्यात धान पिकते, असे सांगितले की जिल्ह्यातलीच माणसे आधी हसत. साखरखेर्ड्याच्या बाजारात साळखेडचा तांदूळ घेऊन बसलेल्या बायकांना गिऱ्हाईक विचारी, "हा भंडाऱ्याहून आणला का हो?" आणि त्या बायका, उत्तर देणेही कमीपणाचे वाटावे अशा थाटात, मूठभर तांदूळ त्याच्या नाकाशी धरीत. वास घेतल्यावर प्रश्न संपे.

तो तांदूळ एका लहानशा खोऱ्यात पिके. वर जुना तलाव, तलावाच्या लोखंडी दारातून निघालेला पाट आणि पाटाखाली पायऱ्यांसारखी उतरत गेलेली धानाची शेते. या शेतांना गावात बांध्या म्हणत. प्रत्येक बांधीत चार-पाच घरांचा वाटा होता आणि प्रत्येकीला नाव होते: जांभळीची, थोरली, वाकडी, आणि सर्वांत खालची ती शेवटली. वरची बांधी भरली की धुऱ्याला, म्हणजे बांधाला, ठेवलेल्या तोंडातून पाणी खालच्या बांधीत धबधब पडे. शेवटलीच्या धुऱ्यापलीकडे मुरमाड उतार होता. त्यावर दोन-चार पळस आणि बाकी दगड. उताराच्या पायथ्याशी नाला.

नीरजा रोज सकाळी या पायऱ्या उतरे. नांदुऱ्याच्या एका शाळामास्तरांची ही मुलगी मृद् व जलसंधारणाचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती आणि तिचा प्रबंध याच खोऱ्यावर होता. डोक्याला पिवळी रबरी टोपी, खांद्याला पिशवी. प्रत्येक बांधीत रोवलेल्या मोजपट्टीवर पाण्याची उंची ती दोनदा वाची आणि मगच लिही. नाल्याच्या तोंडाशी तिने मध्ये खाच पाडलेला पत्रा बसवला होता. खाचेतून पडणाऱ्या धारेच्या उंचीवरून खोऱ्याबाहेर किती पाणी गेले ते कळे. दुपारी गावातल्या खोलीत बसून हे सारे ती संगणकावरच्या प्रतिकृतीत भरी. तलावातून किती सुटले, पाऊस किती पडला, पिकाने आणि उन्हाने किती ओढले, जमिनीत किती मुरले, नाल्याला किती लागले. आत आलेले आणि बाहेर गेलेले जुळले, की प्रतिकृती खरी मानायची.

ते जुळत नव्हते.

आणि ते न जुळणे आता फक्त तिच्या प्रबंधापुरते राहिले नव्हते. तालुक्याच्या पाणीवाटप समितीपुढे एक अहवाल आला होता: साळखेडच्या खोऱ्यात पाणी गळून वाया जाते, हंगाम संपताच तलावाचे दार कायमचे बंद करावे आणि पाणी नळाने खालच्या गावांना न्यावे. अहवाल लिहिणारा अभियंता कुलदीप हा नीरजेचा कॉलेजातला सोबती. हंगाम संपण्याआधी पाणी नेमके कुठे जाते ते कुणी दाखवले तर समिती ऐकायला तयार होती. दाखवू शकेल अशी एकच व्यक्ती गावात होती, आणि तिलाच ते कळत नव्हते.

२

"साळखेडच्या मावश्या उगाच रडून राह्यल्या," कुलदीप फोनवर म्हणाला. तो शेगावचा, बोलताना मागेपुढे पाहणे त्याच्या स्वभावात नव्हते. "जमीन फुटकी आहे, नीरजा. खाली भेग असन. तू काऊन एवढी डोकेफोड करून राह्यली बे?"

"भेग असेल तर ती दाखवता आली पाहिजे."

"अन् नसन तर?"

"तर तुझा अहवाल चुकीचा."

"वा! भेगही मीच दाखवू, अन् चूकही माहीच!" तो हसला. "ती पिवळी टोपी घालून फिरतेस का अजून? दुरून पाह्यलं तर वाटते, सोयाबीनमधी बुजगावणं उभं आहे."

नीरजेने फोन ठेवला आणि गेल्या हंगामाचे आकडे पुन्हा समोर घेतले. प्रथम तिने स्वतःवर संशय घेतला, मग मोजपट्ट्यांवर, मग पत्र्यावर. पत्रा उपटून पुन्हा बसवला. धुऱ्यांतली खेकड्यांची बिळे एकेक शोधून चिखलाने बुजवली. तरीही हिशेबात थोडे पाणी कमी पडतच राहिले.

तेव्हा, कधीतरी करून पाहू म्हणून बाजूला ठेवलेली एक गोष्ट तिने केली: हरवलेल्या पाण्याचाच आलेख काढला. हंगामाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत, फक्त जे सापडत नव्हते त्याचा.

रेषा सरळ आली असती तर ती भेग. पावसाबरोबर वरखाली झाली असती तर मोजण्यातली चूक. रेषा तशी नव्हती. रोवणीच्या सुमारास ती खाली होती. रोप जीव धरते त्या दिवसांत हळूहळू चढली. धान फुलोऱ्यावर आले तेव्हा सर्वांत उंच गेली. दाणा भरताना उतरू लागली. आणि कापणीआधी बांध्यांतले पाणी काढून टाकतात त्या सुमारास एकदम तुटली.

ही रेषा तिने शेकडो वेळा पाहिली होती. उभे धान पाणी पिते त्याची ती रेषा होती.

पंखा फिरत होता. बाहेर पुष्पाबाई, जिच्या घरात ती भाड्याने राही ती बाई, सुपात तांदूळ पाखडत होती, आणि तो सरसर आवाज थोडा वेळ नीरजेला नकोसा वाटला. गळतीला ऋतू नसतो, असे तिने वहीच्या समासात लिहिले, आणि नंतर ते खोडून टाकले. कारण प्रबंधात असली वाक्ये चालत नाहीत.

३

पावसाने उघाड दिली तेव्हा या हंगामातले पहिले ओलीत झाले. पाणी देण्याचे काम इंद्रभानकडे होते. तलावाचे दार तोच उचले आणि तोच पाडे. एकेका बांधीची बारी, म्हणजे पाळी, आली की तोंड उघडताना तो मोठ्याने तिचे नाव घेई, म्हणजे वाटेकरी आपापल्या धुऱ्यावर सावध राहत.

"जांभळीचीऽ!"

पाणी पडण्याचा आवाज.

"थोरलीऽ!"

दुसरा आवाज, थोडा जाडा. प्रत्येक बांधीचे पाणी वेगळ्या उंचीवरून पडे, आणि डोळे मिटूनही नीरजा आता ते ओळखू शकत होती. वाकडीचा आवाज तुटक, शेवटलीचा बारीक आणि लांब.

मध्यान्ह झाली होती. शेवटली भरली. नीरजेने मोजपट्टी वाचली, दोनदा वाचली, आणि दार पडण्याची वाट पाहू लागली. दार पडले नाही. इंद्रभानने शेवटलीच्या खालच्या धुऱ्याचे तोंड मोकळे केले, फावडे खांद्यावर टाकले आणि कुणाचेही नाव न घेता रस्त्याकडे चढू लागला. धुऱ्यांवरची माणसे त्याच्यामागे निघाली. बायकांनी लुगड्यांचे ओचे सोडले. सगळे रस्त्यावर जाऊन उभे राहिले आणि खोऱ्याकडे पाठ करून गप्पा मारू लागले.

गेल्या वर्षी नोंदी यंत्र घेत होते, आणि ती स्वतः दुपारी इथे कधीच नव्हती. हे तिने प्रथमच पाहिले.

"इंद्रभानकाका, दार उघडंच राहिलंय."

"हाव."

"पाणी वाया जातंय ना?"

"वाया काऊन जाईन? आणखी एक बारी असते."

"कुणाची?"

इंद्रभानने तंबाखू मळता मळता पुष्पाबाईकडे पाहिले. पुष्पाबाईने नीरजेचा दंड धरून तिला हळूच रस्त्याकडे तोंड करून उभी केली, फोटोसाठी लहान मुलीला उभी करतात तशी.

"पाणी जाऊ दे, पोरी. कोनी जेवत असलं तं आपन ताटाकडं पाहातो का?"

पाठीमागे खोरे होते. जांभळीची, थोरली, वाकडी, शेवटली. चारही आवाज नीरजेला ओळखू आले. आणि त्यांच्या खाली, जिथे फक्त उतार आणि दगड होते तिथे, पाचवा आवाज येत होता. दगडावर पाणी पडले की ते फुटते, उडते. हा आवाज मऊ होता. चिखलात, उभ्या पाण्यात पाणी पडते तसा.

ती वळली नाही. पुढे कित्येकदा तिने स्वतःला विचारले, की तेव्हा ती का वळली नाही. आणि दर वेळी उत्तर दिले, की मोजपट्टी तिथे नव्हती, म्हणून पाहण्यासारखे काही नव्हते.

४

मॉडेल करणाऱ्यांची एक मान्य रीत आहे. पाणी कुठेतरी अडते आणि उशिराने सुटते, पण ते ठिकाण दिसत नाही, तेव्हा प्रतिकृतीत एक कल्पित साठा जोडतात. तो खरोखर कुठे आहे असा दावा कुणी करीत नाही. नीरजेने तेच करायचे ठरवले. शेवटलीच्या खाली, उताराच्या जागी, तिने आणखी एक बांधी जोडली. वरच्या बांध्यांएवढीच, त्याच खोलीची, त्याच तारखेला रोवलेली.

प्रोग्रामने नाव मागितले. तिला सुचले नाही; तिने जागा कोरी सोडली आणि पुढे गेली. जागा कोरी राहिली तर प्रोग्राम वापरणाऱ्याचे नाव तिथे आपोआप टाकतो, हे तिला माहीत होते. त्या क्षणी ते महत्त्वाचे वाटले नाही, एवढेच.

आकडेमोड संपली. पडद्यावर दोन रेषा उमटल्या: एक नाल्यावर प्रत्यक्ष मोजलेली, एक प्रतिकृतीची. तिला दोन दिसेनात. रेषा एकमेकींवर इतक्या चपखल बसल्या होत्या, की एक दुसरीखाली झाकली गेली होती. गेल्या वर्षीचा हंगाम घालून पाहिला. तोही बसला. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी, की त्या कल्पित बांधीने पाणी गिळले नव्हते. पिकापुरते ठेवून बाकीचे तिने सावकाश खाली सोडले होते, आणि ते खालच्या गावांच्या विहिरींना नेमके उघाडीच्या दिवसांत लागत होते. पाणी वाया जात नव्हते. दार बंद झाले असते तर विहिरी आधी आटल्या असत्या.

नीरजा खुर्चीतून उठली. इतक्या महिन्यांनी ती मोठ्याने हसली, टाळी वाजवली आणि नांदुऱ्याला फोन लावून बाबांना म्हणाली, "जुळलं!" काय जुळले ते बाबांना उमगले नाही, तरी पलीकडे तेही हसले.

दारात पुष्पाबाई चहा घेऊन उभी होती.

"लई खुशीत दिसतेस."

"काकू, दार बंद होणार नाही. मी सिद्ध करू शकते."

पुष्पाबाईचे डोळे एकदम भरून आले. शेवटलीत तिचा वाटा होता. कप ठेवून तिने नीरजेच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटे आपल्या कानशिलांवर मोडली. मग सहज म्हणाली, "तुही बी रोवनी झाली म्हना आता."

"माझी?"

"मंग? पाय नाही का पाह्यले?"

नीरजेने खाली पाहिले. सकाळी उतरून आल्यावर तिने पाय धुतले होते. आंघोळही केली होती. पावलांवर आणि घोट्यांवर चिखल होता. काळा, मऊ, ओला.

सकाळचा राहिला असेल, असे तिने ठरवले.

५

पुढच्या ओलिताला ती मुद्दाम सर्वांआधी उतरली. आकाश निवळले होते. इंद्रभानने दार उचलले आणि नेहमीसारखी एकेक बारी सुरू झाली.

"जांभळीचीऽ! … थोरलीऽ! … वाकडीऽ! … शेवटलीऽ!"

शेवटली भरली. इंद्रभानने खालचे तोंड मोकळे केले. फावडे खांद्यावर घेतले. आणि त्याच सुरात, त्याच लांबणीने त्याने हाक दिली:

"नीरजाऽ!"

ती धुऱ्यावरून चालत त्याच्याजवळ गेली. "काय काका?"

"काय, ताई?"

"मला हाक मारलीत ना?"

"तुम्हाले नाही. बांधीचं नाव घेतलं."

संगणक तिच्या खोलीत होता. त्याला परवलीचा शब्द होता. आलेख तिने कुणालाही दाखवला नव्हता.

"हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

इंद्रभान गोंधळला. त्याचा चेहरा लबाडी करणाऱ्याचा नव्हता. कुणी त्याला त्याच्याच घराचा रस्ता विचारावा, तसा तो दिसत होता. "सांगाले काय पाह्यजे? नाव हाय, म्हनून घेतलं. इतके दिवस नव्हतं, तं घेत नव्हतो."

"नव्हतं म्हणजे?"

"आता ते मले काय माहीत, ताई! मी पानी सोडतो." आणि तो चढू लागला.

नीरजा रस्त्यावर इतरांबरोबर पाठ करून उभी राहिली. तिच्या तर्काने भराभर कारणे मांडली: पुष्पाबाईने पडद्यावर नाव वाचले असेल, गावात ते पसरले असेल, थट्टा असेल. प्रत्येक कारण शक्य होते. पुष्पाबाईला वाचता येत नव्हते, एवढीच त्यात अडचण.

त्या संध्याकाळी तिने प्रतिकृतीतले नाव पुसून 'कल्पित साठा' असे लिहिले आणि पुन्हा आकडेमोड केली. रेषा फाटल्या. पाणी पुन्हा हरवले. एका नावाने पाण्याच्या गणितात काहीही बदलू नये. ते बदलले होते. तिने बराच वेळ विचार केला. पुसून टाकायचे, भ्यायचे आणि चारही बांध्या कोरड्या होऊ द्यायच्या, की ठेवायचे?

तिने स्वतःचे नाव परत लिहिले. या वेळी जागा कोरी न सोडता, एकेक अक्षर टाइप करून. रेषा मिटून एक झाल्या.

६

"असं कसं मानू?" कुलदीप साळखेडला आला तेव्हा म्हणाला. धान फुलोऱ्यावर होते आणि सगळ्या खोऱ्याला दुधासारखा गोडसर वास येत होता. "कागदावर मीही इथं समुद्र आणून दाखवतो बे. आधी सांग, मग मोजू."

"विचार."

"ती फालतूची एक बारी देताय ना, ती आज द्यायची नाही. शेवटली भरली की दार पाडायचं. मी म्हणतो, भेगेला पाणीच नाही तर नुकसानही नाही. नाल्याची धार थोडी बारीक होईन अन् चालत राहीन. तुझी प्रतिकृती काय म्हणते?"

नीरजेने ते आधीच करून पाहिले होते. "प्रतिकृती म्हणते, तिला वाटा मिळाला नाही तर ती वरून ओढून घेईल. शेवटली उतरेल, आणि धार थांबेल."

"धुरा बंद असताना?"

"धुरा बंद असताना."

"मंग ठरलं," कुलदीप आनंदाने म्हणाला. "धार थांबली तर समितीपुढं तुझा हमाल मी."

इंद्रभानने दार पाडायला नकार दिला. भांडला नाही, फक्त फावडे खाली ठेवून रस्त्यावर गेला, आणि सारे गाव त्याच्यामागे. दार नीरजेने स्वतः पाडले. कुलदीप मोजयंत्र घेऊन नाल्यावर बसला. ती शेवटलीच्या धुऱ्यावर मोजपट्टीजवळ.

पडणाऱ्या पाण्याचे आवाज एकेक करून संपले. मध्यान्हीचे ऊन डोक्यावर होते. वारा मुळीच नव्हता. तरीही शेवटलीतले धान हलले; सगळ्या लोंब्या एकाच वेळी, उताराच्या दिशेने कलल्या. पाण्यावरची काडी त्या बाजूला सरकू लागली. मोजपट्टीवरची ओल उघडी पडली.

खेकड्याचे बीळ, ती स्वतःशी म्हणाली. ती धुऱ्यावरून टोकापर्यंत चालली, ओणवी होऊन हाताने चाचपत. धुरा अखंड होता. पलीकडचा मुरूम कोरडा होता, तापलेला होता. आणि पाणी उतरत होते.

मग तिची नजर पाण्यात गेली.

पाण्यात आभाळ होते. आभाळाखाली हिरवे धान होते, फुलोऱ्यातले, आणि त्यात वाकलेल्या पाठींची एक रांग. बायका असाव्यात. त्या तण निंदत होत्या की थांबल्या होत्या ते कळत नव्हते. रांगेत एक जागा मोकळी होती, एका माणसाच्या रुंदीची. खाली असलेल्या उताराचे प्रतिबिंब वरच्या पाण्यात पडू शकत नाही, हे नीरजेला शाळेपासून ठाऊक होते. तिने मान वर करून उताराकडे पाहिले: दगड, पळस, ऊन. पुन्हा पाण्यात पाहिले.

पाठी हळूहळू सरळ होऊ लागल्या होत्या.

फोन वाजला. "नीरजा." कुलदीपच्या आवाजातली थट्टा गेली होती. "धार थांबली. बारीक नाही झाली. थांबली."

"लिहून घे!" ती ओरडली, आणि धुऱ्यांवरून वर धावत सुटली.

दाराचा दांडा तिने सर्व बळ लावून फिरवला. दार उचलले गेले. पाणी मात्र आले नाही. तलाव काठोकाठ होता, दार उघडे होते, आणि पाणी उंबऱ्याशी काचेसारखे उभे होते. आटे गंजले असतील, असे तिच्या मनाने म्हणायला घेतले. वाक्य पुरे झाले नाही.

"नाव घ्या, ताई!" रस्त्यावरून, पाठ न वळवता, इंद्रभान ओरडला. "नाव घ्या!"

नीरजेने छाती भरून श्वास घेतला आणि साऱ्या खोऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात स्वतःचे नाव घेतले.

पाणी सुटले. जांभळीची, थोरली, वाकडी, शेवटली. आणि खाली तो पाचवा मऊ आवाज, जो आता तिला चार आवाजांइतकाच ओळखीचा होता. कुलदीपच्या यंत्राने घेतलेला प्रत्येक आकडा त्या दिवशी तिच्या रेषेवर बसला. एकही बाहेर नव्हता.

७

समितीच्या बैठकीला अर्धे साळखेड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आले. कुलदीपने शब्द पाळला, नीरजेची आलेखांची गुंडाळी खांद्यावर वाहून त्याने सभागृहात आणली आणि बसण्याआधीच म्हणाला, "माझा अहवाल मी मागे घेतो. मोजणी मी स्वतः केली आहे. ही बरोबर आहे, मी नाही."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "बाई, हा जो साठा तुम्ही दाखवता, तो कुठे आहे? नकाशावर बोट ठेवा."

नीरजेने शेवटलीच्या खाली, उतारावर बोट ठेवले.

"तिथे काय आहे?"

तिने बोट तिथेच ठेवले. "तिथे काय आहे, याबद्दल मी दावा करीत नाही. पाणी तिथे पोचते. एका बांधीला लागते तेवढे तिथे खर्च होते, आणि उरलेले खालच्या गावांच्या विहिरींना मिळते. दार बंद केले तर धान जाईल आणि त्या विहिरीही जातील. एवढे मी सिद्ध केले आहे."

खालच्या गावाचे नारायणराव, ज्यांच्यासाठी नळ टाकायचा होता, उठून उभे राहिले. "आमच्या विहिरीले साळखेडच्या ओलितानंतर पानी येते, हे आम्ही लहानपनापासून पाहून राह्यलो. कोनी विचारलंच नाही, बाप्पा!"

सभागृह हसले. मग हात वर झाले, एकापाठोपाठ एक, आणि विरोधात एकही उरला नाही. तलावाचे दार साळखेडकडेच राहणार होते. पुष्पाबाईने भर सभेत नीरजेची टोपी काढून डोक्यावरून बोटे मोडली, टोपी परत घातली आणि सर्वांदेखत रडली. परतीच्या वाटेवर ट्रॉलीत पेढे संपेपर्यंत जयजयकार चालला होता, आणि कुलदीपचा आवाज त्यात सर्वांत मोठा होता.

८

कापणीआधीचे शेवटचे ओलीत उरले होते. त्यानंतर बांध्या कोरड्या करायच्या. नीरजेचा प्रबंध पुरा झाला होता. ती केवळ पाहायला आली.

धान सोन्यासारखे पिवळे झाले होते. इंद्रभानची हाक आज सणाची वाटत होती. चार नावे झाली, आणि मग पाचवे, सर्वांत लांब, सर्वांत उंच. माणसे हसत-बोलत रस्त्यावर चढली आणि खोऱ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"चाल, पोरी," पुष्पाबाईने हात पुढे केला.

"तुम्ही व्हा पुढे, काकू. मी थांबते."

पुष्पाबाईने तिच्याकडे क्षणभर निरखून पाहिले. मग मान हलवली, अडवले नाही, आणि एकटीच चढून गेली.

नीरजा शेवटलीच्या धुऱ्यावर उभी राहिली. भीती होती, ती नाकारणे खोटेपणाचे झाले असते. पण तिच्याखाली, वर, सभोवार भरलेले खोरे होते, एकही बांधी तहानलेली नव्हती, आणि हे तिने राखले होते. तो आनंद भीतीपेक्षा मोठा होता. तिने पाण्यात पाहिले.

पिकलेले धान. वाकलेल्या पाठींची रांग, हातांत विळे. रांगेत आता मोकळी जागा नव्हती. आधी जिथे ती मोकळी जागा होती, तिथली बाई इतरांपेक्षा थोडी अवघडून कापत होती, शिकत असल्यासारखी. तिच्या डोक्यावर पिवळी टोपी होती.

ती थांबली, सरळ झाली. हात चिखलाचे असल्यामुळे तिने मनगटाच्या मागच्या बाजूने कपाळ पुसले. अगदी नीरजा पुसते तसे. मग तिने विळा धरलेला हात उंच केला, जिंकलेल्याने करावा तसा.

धुऱ्यावर नीरजेचाही हात उंच झाला. तळव्याला ताजा काप होता, विळ्याने जातो तसा, आणि तो गोड झोंबत होता.

हात आधी कोणी उचलला, याची नोंद तिने कुठेही केली नाही.